बिनशिक्क्याचं कोकण

शिकागोजवळच्या शॉमबर्गला चारुदत्त विद्वांस राहतो त्या घरांच्या ओळीमागे एक तळं आहे. तळं कसलं, बिल्डरने पावसाचं पाणी जिरवायला खणलेला खड्डाच तो. पण त्यात चार बदकं पोहायला लागली की खड्ड्याचं तळं होतं आणि घरांची किंमत वाढते. त्या तळ्याभोवती सकाळी सहाला, संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी जमेल तेव्हा बेचाळिशीचा एक माणूस हात मागे बांधून तरातरा फेऱ्या मारताना दिसे. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, काय ही तब्येतीची काळजी. जुनी माणसं जाणून होती. तब्येतीचा काही संबंध नव्हता. चारुदत्तला बसवतच नसे.

आणि बसला तरी उजवा पाय हलत राही. त्याच ओळीतल्या विनीताकाकूंकडे सत्यनारायणाला बसला तर पाय हलवून हलवून त्याने कलश दोनदा डुलवला. शेवटी शेजारच्या कुमारने सगळ्यांदेखत सांगितलं, "विद्वांस, सत्यनारायण आहे, झोपाळा नाही." चारुदत्त ओशाळला, आणि डावा पाय हलवायला लागला.

या हलत्या पायाचं मूळ होतं पासपोर्टात. २००१ साली तो पुण्याहून आला तेव्हा व्हिसाचा शिक्का तीन वर्षांचा होता. शिक्का संपला म्हणून इथे राहायला कुणी हरकत घेत नाही; कंपनी मंजुरीचा नवा कागद आणते, पगार होतो, कर कापला जातो, सगळं रीतसर. घोडं अडतं ते दारात. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला नवा शिक्का लागतो, आणि तो मुंबईच्या वकिलातीत खिडकीपुढे उभं राहून, मुलाखत देऊन मिळवावा लागतो. मिळाला तर दोन-चार दिवसांत मिळतो. अडला तर किती दिवस अडेल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. याला आपल्या लोकांत स्टॅम्पिंग म्हणतात. पार्टीत हा शब्द कुणी काढला की भल्याभल्यांचा घास हातातच राहतो.

पूर्वी एक सोय होती. पासपोर्ट पोस्टाने सेंट लुईसला पाठवायचा, तो शिक्का घेऊन घरी परत यायचा. चारुदत्तने २००४ च्या मार्चमध्येच फॉर्म भरला, फोटो जोडले, पाकीट बंद केलं. मग वाटलं, आणखी एक कागद लावावा, पाकीट उघडलं. एप्रिलमध्ये वाटलं, फोटोत डावा कान नीट आलेला नाही. मे महिना कानात गेला. जूनमध्ये सही वाकडी वाटली. जुलैच्या मध्यावर सरकारने ती सोयच बंद करून टाकली. ते पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्याची बायको उल्का त्याला 'स्मारक' म्हणते.

तर आधी रजेअभावी आणि मग शिक्क्याअभावी २००२ च्या जानेवारीनंतर चारुदत्त घरी गेलेला नव्हता. घर म्हणजे गुहागर. तिथे त्याची आई अहिल्याबाई, निवृत्त शिक्षिका, दोन खोल्या आणि अकरा माड यांच्यावर एकटी राज्य करत होती. अमेरिकेला ये म्हटलं की म्हणायची, "माझे माड तुझ्या फ्रीजमध्ये मावतील का? मग कसला आग्रह करतोस?" आणि २००६ च्या एप्रिलमध्ये तिने फोनवर सरळच विषय काढला.

"चारू, डिसेंबरच्या वीस तारखेला मला पंचाहत्तर पुरी होतात. तू येणार असशील तर शांत करू, चार माणसं जेवायला घालू. नसशील तर मी वरणभात खाऊन नऊला झोपेन. मला दोन्ही चालतं. पण गणपतीच्या आत सांग. आचाऱ्याला आगाऊ सांगावं लागतं."

"बघतो ना, आई."

"बघतो म्हणजे? खिडकीतून बघतोस?"

झालं. त्या दिवसापासून तळ्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. जावं, तर वकिलातीत अडकण्याची भीती. अडकलो आणि नोकरी गेली, तर ग्रीन कार्डाची चार वर्षं रांगेत असलेली फाईल गेली, गेल्याच वर्षी घेतलेलं घर गेलं, चौथीतल्या लेकीची, आन्याची शाळा गेली. न जावं, तर आईचा वरणभात. बदकंसुद्धा त्याला पाहून बाजूला व्हायला लागली.

अशात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुट्टीचे फोटो दाखवले. तांबडी माती, माड, जास्वंद, केळीची बनं, काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटा. चारुदत्तच्या तोंडून निघून गेलं, "हे कुठलं गुहागर?" ते हवाई होतं. अमेरिकेचं पन्नासावं राज्य. पासपोर्ट नको, व्हिसा नको, स्टॅम्पिंग नको. तिकीट काढायचं आणि बसायचं. बिनशिक्क्याचं कोकण. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला आणि जूनची तिकिटं काढून मोकळा झाला.

आता विद्वांस आडनाव लावायचं म्हणजे काही जबाबदारी येते. चारुदत्त कुठेही आधी कागदावर जाऊन येतो, मग पायांनी. त्याने तीन आठवडे खपून चाळीस पानांची पुस्तिका तयार केली. तीही मराठीत, आन्याला कळावं म्हणून. आन्याला मराठी वाचता येत नाही ही अडचण त्याने बाजूला ठेवली. मथळे थेट आईच्या शाळेतल्या फळ्यावरून उतरलेले. रोज रात्री जेवणाच्या टेबलाशी वाचन.

"स्थान. पॅसिफिक महासागराच्या मधोमध. सर्वांत जवळची मुख्य भूमी कॅलिफोर्निया, अंतर सुमारे अडतीसशे किलोमीटर. होनोलुलू शहर एकवीस अंश उत्तर अक्षवृत्तावर."

"थांब," उल्का म्हणाली. ती नागपूरची. "नागपूरसुद्धा एकवीसवरच ना?"

"हो, पण..."

"मग पैसे भरून जूनमध्ये नागपूरला कोण जातं रे? कूलर घेऊन चल बरोबर."

"अगं, तिथे ईशान्येकडून व्यापारी वारे येतात. सागरी हवामान आहे. पारा तिशीच्या फार वर जात नाही. पुढे ऐक. विस्तार. लहानमोठी एकशे सदतीस बेटं, त्यांतली मुख्य आठ. सगळी जमीन एकत्र केली तर दोन रत्नागिरी जिल्हे."

"आणि माणसं?"

"बारा-तेरा लाख. त्यांतली बहुतेक एकट्या ओआहू बेटावर, होनोलुलू तिथेच. सीमा..."

"चारी बाजूंनी पाणी. हे मला येतं."

"बाबा, इज देअर अ पूल?" आन्याने विचारलं.

"आन्या, अख्खा महासागर आहे."

"ओके, बट इज देअर अ पूल?"

चारुदत्त हार मानणाऱ्यांतला नव्हता. दुसऱ्या रात्री प्राकृतिक रचना. सगळी बेटं ज्वालामुखीने समुद्राच्या तळातून वर काढलेली. मोठ्या बेटावरचा मौना केआ हा डोंगर पाण्यावर बेचाळीसशे मीटर दिसतो, पण तळापासून मोजला तर दहा हजारांच्या वर, म्हणजे एव्हरेस्टला मान वर करून बघावं लागेल. "आपला सह्याद्रीही लाव्हाचाच आहे बरं का," तो रंगात येऊन म्हणाला, "फक्त आपला थंड होऊन सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली, त्यांचा अजून चुलीवर आहे." वारा डोंगराला आदळतो त्या बाजूला हिलो हे गाव, तिथे आपल्या आंबोलीसारखी संततधार. डोंगरापलीकडे कोना, तिथे ऊन आणि कॉफीचे मळे. घाटमाथा आणि माण-खटाव एकाच बेटावर, दोन तासांच्या अंतरात.

इतिहासाच्या रात्री मात्र उल्कानेही पोळी बाजूला ठेवून ऐकलं. होड्यांतून ताऱ्यांच्या आधाराने आलेले मूळचे लोक. मग सगळी बेटं एका छत्राखाली आणणारा राजा. मग गोरे व्यापारी, मिशनरी. १८३५ मध्ये उसाची पहिली मोठी लागवड, आणि मग उसाने सगळी बेटंच गिळली. जमीन उसाची, पाणी उसाचं, दरबारात वजन उसाचं. मजूर पुरेनात म्हणून आधी चीनमधून आणले, मग जपानमधून, पोर्तुगालमधून, शेवटी फिलिपिन्समधून. १८९३ मध्ये तिथल्या राणीने आपला अधिकार परत घ्यायचं मनावर घेतलं, तर मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांच्या सावलीत तिलाच गादीवरून उतरवलं. पाच वर्षांनी अमेरिकेने बेटं खिशात घातली, आणि १९५९ मध्ये ते राज्य झालं.

"म्हणजे साखरसम्राट तिथेही होते," उल्का म्हणाली. "आपल्याकडच्यांनी पाहिलं नाही म्हणून बरं."

"आता ऊस जवळजवळ संपला. अननसही चालला. आता पर्यटक आणि लष्कर."

"आधी ऊस पिळायचे, आता आपल्याला. चल, बॅग भर."

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माड बघायला तू नऊ तास विमानात बसणार?"

"हो. अगदी आपल्यासारखंच आहे, आई."

"दुधाची तहान ताकावर. जा बाबा. इतक्या वर्षांनी समुद्राला भेटतोयस तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस, एक नारळ वाहा. आणि आचाऱ्याचं?"

"बघतो."

फोन तिकडून ठेवला गेला.

आणि चारुदत्तने खरोखर इंडियन ग्रोसरीतून एक सोललेला नारळ आणला. हवाईला नारळ. समुद्राच्या घरी मीठ पाठवावं तसं. बरोबर कढीपत्त्याची जुडी, मोहरी, मेथीदाणे, लिंबाचं लोणचं. आणि विमानात हातातल्या पिशवीत ती निळी फाईल, जी घेतल्याशिवाय तो शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याची हद्दही ओलांडत नाही. पासपोर्ट, मंजुरीचे सगळे कागद, तीन वर्षांच्या पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, लग्नाचा दाखला. जाड इतकी की आन्या लहान असताना तिच्यावर बसून जेवायची.

विमान समुद्रावर येऊन तीन तास झाले असतील. खाली निळं, वर निळं. तेवढ्यात हवाई सुंदरीने प्रत्येकाच्या हातात एकेक छापील कार्ड द्यायला सुरुवात केली. चारुदत्तने कार्ड वाचलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा पाय आपणहून थांबला.

राज्यात येणाऱ्या प्रत्येकाने भरणं सक्तीचं. खोटी माहिती दिल्यास शिक्षा. मागच्या बाजूला प्रश्न: कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, यापूर्वी किती वेळा आला होता.

"उल्का," तो हळूच म्हणाला, "आपण बाहेर पडलोय."

"कुठून?"

"देशातून."

"अरे, हे राज्य आहे. पन्नासावं. तूच तर पाठ करून घेतलंस आमच्याकडून."

"मग कार्ड का देतात? इलिनॉयमधून आयोवात जाताना कधी कार्ड भरलंयस? हे बघ, कशासाठी आलात. किती दिवस राहणार. हे कोण विचारतं? इमिग्रेशनवाले विचारतात."

"मग त्या बाईलाच विचार ना."

"विचारायचं नाही. विचारलं की लक्ष जातं."

उल्काने डोळे मिटून घेतले. चाळीस पानांत ऊस होता, राणी होती, वारे होते. या कार्डाबद्दल एक ओळ नव्हती. खरं तर ते शेतीखात्याचं साधं कार्ड. बेटावर बाहेरची कीड आणि रोपं येऊ नयेत म्हणून फळं, बिया, प्राणी आणलेत का एवढंच त्यांना हवं असतं; मागचे प्रश्न पर्यटनखात्याच्या मोजणीचे, तेही ऐच्छिक. आसपासचे लोक कार्डावर खुणा करून पुन्हा झोपलेसुद्धा. चारुदत्तने मात्र पेन काढलं. कढीपत्ता, एक जुडी. नारळ, एक. मोहरी. मेथी. लोणचं, घरगुती. एवढं लिहून जागा उरली, तिथे बारीक अक्षरात पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा प्रकार, शिक्का संपल्याची तारीख, आणि मंजुरीचा कागद कधीपर्यंत चालू आहे ती तारीख. लपवलं असं कुणी म्हणायला नको.

होनोलुलूला बॅगांच्या पट्ट्याशेजारी एक टेबल होतं. टेबलामागे गणवेशातली पन्नाशीची बाई, कानामागे पांढरं फूल, छातीवर नावाची पट्टी: अगबायानी. नाव वाचून उल्काला वाटलं ही गुहागरकडचीच असावी.

"आंटी म्हण," उल्काने आन्याला बजावलं. इथे मोठ्यांना अंकल-आंटी म्हणायची रीत आहे, एवढं पुस्तिकेतलं तिच्या लक्षात राहिलं होतं.

"हाय आंटी," आन्या म्हणाली. ती बाई प्रसन्न हसली. पण तोवर चारुदत्तने टेबलावर निळी फाईल उघडून कागद मांडायला घेतले होते, पत्त्यांच्या डावासारखे.

"सर, कढीपत्ता कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"मी डेटाबेसचं काम करतो," चारुदत्त इंग्रजीत म्हणाला. "याच कंपनीत पाच वर्षं. हे पत्र. हा पगार. माझा शिक्का संपलाय, पण राहण्याची मंजुरी चालू आहे. मी इथे सहा दिवस राहणार आहे आणि सातव्या दिवशी शिकागोला परत जाणार आहे. माझं तिथे घर आहे. घराचे कागद आणले नाहीत, पण फॅक्स करून मागवता येतील."

हे सगळं भाषण त्याने न्हाणीघराच्या आरशासमोर किती वर्षं घोकलेलं होतं ते उल्कालाच माहीत. अगबायानीबाई ऐकत राहिल्या. त्यांनी एकदा उल्काकडे पाहिलं. उल्काने खांदे उडवले.

"सर, मी शेतीखात्याची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिकागोहून आलात. तुम्ही कुठेही गेलेला नाहीत."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. चारुदत्तचे कान लाल झाले. तो कागद गोळा करायला लागला, तर घाईत चार खाली पडले. बाईंनीच वाकून एक उचलला. मंजुरीचा कागद होता. त्यावरच्या दोन तारखांवर त्यांचं बोट थांबलं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांकडेही असाच कागद होता. तीन वर्षांचा."

"व्हिसा?"

"करार. उसाचा. इलोकोसहून आले, फिलिपिन्समधून. १९२९ साल, वय एकोणीस. इथून जवळच वायपाहूला साखरेची गिरणी होती, तिथे. तीन वर्षं पुरी केली की परतीचं तिकीट मळेवाला काढून देणार, असं कागदावरच लिहिलेलं." एकीकडे त्यांनी कढीपत्त्याची पानं उलटसुलट करून पाहायला घेतली होती. "तीन वर्षांनी म्हणाले, आणखी एक हंगाम. मग दुसरा हंगाम. मग लढाई आली. मग म्हणाले, मुलं शाळेत आहेत. तिकडे त्यांची आई होती. दर वर्षी कळवायचे, पुढच्या वर्षी येतो."

"मग?"

"मग काही नाही. दारात आंब्याचं झाड लावलं, अगदी गावच्यासारखं. झाड छान आलंय, अजून फळतं. शेवटपर्यंत त्याखाली बसून म्हणायचे, तिकडचा आंबा वेगळा." कढीपत्ता त्यांनी बाजूला काढला. "हा आणि नारळ ठेवून घ्यावा लागेल. बाहेरून माडाचे रोग येतात. नारळ कुणासाठी आणला होता?"

"समुद्रासाठी," आन्याने सांगून टाकलं.

"समुद्र रागावणार नाही," बाई म्हणाल्या आणि फाईल चारुदत्तच्या हातात ठेवली. "इतके कागद असलेला माणूस मी पाहिला नाही, सर. तुम्हाला कोण अडवणार आहे? नेक्स्ट."

आता त्या बाईला स्टॅम्पिंग म्हणजे काय ते काय ठाऊक. पण एखादं वाक्य आपलं काम न जाणताच करून जातं.

पुढचे दिवस चारुदत्तने कसे काढले हे विचारू नका. हॉटेलच्या पुढे समुद्र, आन्या पूलमध्ये, उल्का छत्रीखाली, आणि हा वाळूत तळ्यासारख्याच फेऱ्या मारतोय. जीवरक्षकाने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन ते बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला गेले. डोंगराला उभ्या चुण्या, त्यांतून पाण्याच्या धारा, खाली केळी, पपया, नीरफणस, कुंपणाला जास्वंद, रस्त्याकडेला तांबडा चिखल. सगळं जागच्या जागी होतं. आणि जितकं ते गुहागरसारखं दिसे तितका त्याचा जीव कासावीस होई. आगगाडी चुकलेल्या माणसाला फलाटावर बसवून आगगाडीचा फोटो दाखवावा, तसं.

पाचव्या दिवशी त्याने बीच रद्द केला आणि गाडी वायपाहूला वळवली. गिरणी दहा-अकरा वर्षांपूर्वी बंद झालेली. धुराडं तेवढं उभं. शेजारी मजुरांच्या जुन्या खोल्या जपून ठेवल्यात, चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो, एकेकाची स्वयंपाकघरं मांडून. एका कपाटात पितळेचे बिल्ले होते. मळ्यावर माणसाला नावाने नव्हे, बिल्ल्यावरच्या नंबराने हाक मारायचे.

"बाबा, यू हॅव वन लाइक दॅट," आन्या म्हणाली. ऑफिसचं ओळखपत्र चारुदत्त सुट्टीतही खिशात ठेवतो.

तो एका खोलीच्या पायरीवर बसला.

"उल्का, तुला काय वाटतं?"

"कशाबद्दल?"

"डिसेंबर."

उल्का त्याच्याशेजारी पायरीवर बसली. "हे विचारायला तुला अडतीसशे किलोमीटर समुद्र ओलांडावा लागला? ऐक. तू एकटा जा. मी आणि आन्या शॉमबर्गला थांबतो. अडकलास तर एकच माणूस अडकेल, तिघं नाही. शाळा चालू राहील, घर राहील."

"आणि नोकरी गेली तर?"

"दुसरी शोधशील. नाही मिळाली तर आम्ही दोघी तिकडे येऊ. आन्या माडावर चढायला शिकेल. पण चारू, तुझी आई एकदाच पंचाहत्तरीची होणार आहे, आणि तू इथे मला दुसऱ्यांचं धुराडं दाखवतोयस."

संध्याकाळी सहाला त्याने हॉटेलातून फोनकार्ड घासून नंबर लावला. गुहागरला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडून साडेनऊ झाले होते.

"आई, डिसेंबरला येतोय."

"नक्की की बघतो?"

"नक्की."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग आजच आचाऱ्याकडे निरोप धाडते. आणि तिकडून काही आणू नकोस. मागे कॉफी आणलीस, ती मी माडाला घातली."

डिसेंबरच्या अकरा तारखेला चारुदत्त मुंबईच्या खिडकीपुढे उभा राहिला. फाईलमध्ये एकशे ऐंशी कागद. साहेबाने तीन प्रश्न विचारले, सगळं ठीक म्हणाला, आणि मग पत्राकडे पाहून विचारलं, कंपनीचा पत्ता हाच का? नव्हता. कंपनी नोव्हेंबरमध्ये दोन रस्ते पलीकडे नव्या इमारतीत गेली होती. चारुदत्तला ते माहीत होतं. नवी खुर्ची त्यानेच निवडली होती. नव्या पत्त्याचं पत्र मागवा, म्हणाला, पासपोर्ट तोवर इथेच राहील. शिकागोत नाताळच्या सुट्ट्या लागत होत्या. म्हणजे जे घडेल म्हणून माणूस इतकी वर्षं चालत राहिला, ते पहिल्या दहा मिनिटांत घडलं.

वीस तारखेला शांत झाली. साठ पानं उठली. अहिल्याबाईंनी नवं नऊवार नेसून सगळ्यांना सांगितलं, "चारू आलाय, पण त्याचा पासपोर्ट आलेला नाही." जानेवारी उजाडला. बिनपगारी रजा सुरू झाली. शॉमबर्गला उल्का बर्फ उपसत होती आणि फोनवर म्हणत होती, "काही घाई नाही. कुमारने फावडं दिलंय, त्याच्याबरोबर सल्लेही देतो." चारुदत्त सकाळ-संध्याकाळ गुहागरच्या किनाऱ्यावर चालत होता, दुपारी माडांना पाणी घालत होता, आणि चौथ्या आठवड्यापासून दुपारी चक्क झोपायला लागला होता.

"तुझा तो शिक्का यायचा कधी रे?" अहिल्याबाई ओरडायच्या. "माणसाने घरी यावं, पण मुक्काम ठोकू नये. अकरा माडांत तू बारावा झालायस. बायको-पोरीकडे जा की."

नवं पत्र बावीस जानेवारीला वकिलातीत पोचलं. पुढच्या बुधवारी अहिल्याबाईंनी जेवण झाल्यावर तांदळाच्या डब्यातून एक पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. "हे आलंय," एवढंच म्हणाल्या, आणि भांडी घासायला मागच्या दारी गेल्या.

शिक्का नवा कोरा, तीन वर्षांचा. चारुदत्तने तो उजेडात धरून पाहिला. मग पाकिटावर चिकटवलेली कुरिअरची पावती पाहिली. आईची शाळेतली वळणदार सही, आणि खाली तारीख सोमवारची, दोन दिवसांपूर्वीची.

मागच्या दारी भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. चारुदत्त स्टँडसमोरच्या फोनच्या बूथवर गेला आणि परतीचं तिकीट आणखी चार दिवसांनी पुढे ढकलून आला.